व्हॅनेडियमची तार, मॅग्नेशियाची पावडर आणि नाशिकचा पावसाळा : पीएच.डी.च्या कामाच्या नोंदी

माझा विषय अणुभट्टीच्या गाभ्यात बसणारा व्हॅनेडियमचा न्यूट्रॉन डिटेक्टर. बाहेरून वीज द्यावी लागत नाही म्हणून त्याला सेल्फ-पॉवर्ड म्हणतात. मधोमध व्हॅनेडियमची तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची (मॅग्नेशियाची) दाबून भरलेली पावडर, वर इनकोनेल या निकेलच्या मिश्रधातूची बारीक नळी. तारेने न्यूट्रॉन गिळला की काही मिनिटांत तिच्यातून एक वेगवान इलेक्ट्रॉन उडतो, पावडर ओलांडून नळीत जातो, आणि तार व नळी यांना जोडलेल्या मीटरमधून तेवढा करंट वाहतो. कॅनडातल्या हिलबॉर्न यांनी १९६४ मध्ये हे मांडलं. आपल्या तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांत प्रत्येकी शंभरावर व्हॅनेडियम डिटेक्टर गाभ्यातल्या न्यूट्रॉनांचा नकाशा काढत असतात. तिथे ते थंड जड पाण्यात असतात, त्यामुळे निभावतं. कुडनकुळमसारख्या भट्टीत पाणीच ३०० अंशांच्या आसपास असतं, आणि तिथे पावडरीतून करंट गळायला लागतो. शिवाय व्हॅनेडियम मुळात सावकाश. मला या दोन्हींवर काम करायचं आहे.

मी नाशिकला कॉलेजात फिजिक्स शिकवते. इथे अणुभट्टी नाही, न्यूट्रॉनचा सोर्सही नाही. असता तरी कपाटातल्या सोर्सने असल्या डिटेक्टरला खाजसुद्धा सुटत नाही. तेव्हा न्यूट्रॉन सोडून जे जे तपासता येतं ते सगळं इथे तपासायचं आणि तयार नग घेऊनच भट्टीच्या दारात जायचं, असं गाइड सरांशी ठरलं. दुसरं कुणी या वाटेला लागलंच तर त्याचे दोन-तीन महिने वाचावेत म्हणून या नोंदी.

१२ जून

डिटेक्टरचा करंट मीटरपर्यंत नेणारी केबल आली. घडण तशीच: मधे इनकोनेलची तार, भोवती तीच पावडर, वर नळी. दीड मिलिमीटर जाड, सहा मीटर, वेटोळं करून. २१,६०० रुपये, जीएसटी वेगळा. दोन्ही टोकं तपकिरी रेझिनने बंद केलेली. पुढे सोयीचं पडेल म्हणून एका बैठकीत साठ-साठ सेंटिमीटरचे दहा तुकडे कापले, ही पहिली चूक. ते ट्रेमध्ये उघडे ठेवून घरी गेले, ही दुसरी. रात्री पहिला पाऊस झाला. मातीचा वास छान सुटला होता, असंही वहीत लिहिलेलं सापडलं.

१४ जून

सप्लायरच्या चिठ्ठीवर लिहिलंय: तार आणि नळी यांच्यामधलं इन्सुलेशन १०० व्होल्टला १ टेराओहमपेक्षा (हजार गिगाओहमपेक्षा) जास्त. माझ्या दहा तुकड्यांतला सगळ्यात चांगला २ गिगाओहम आणि सगळ्यात वाईट ३०० मेगाओहम. म्हणजे पाचशे ते तीन हजार पटींनी कमी. फोन लावला. "मॅडम, आमच्याकडून निघाली तेव्हा बरोबर होती," हे एकच वाक्य तिकडून तीनदा आलं. मी बरंच बोलले. आता आठवलं की कान गरम होतात.

२० जून

ओव्हनमध्ये ११० अंशांना चोवीस तास. बाहेर काढल्या काढल्या २०० गिगाओहम. आनंदाने सरांना मेसेज केला. संध्याकाळी ९ गिगाओहम. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेगाओहमात. हा प्रकार तीनदा केला, तिन्ही वेळा तेच. आठवडा गेला.

कापलेल्या टोकाची पांढरी पावडर बोटाने पुसून "साफ" करत होते, तेही याच आठवड्यात. बोटाचा घाम आणि मीठ थेट तिथेच जात होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला लागू नये असं ते होतं.

२९ जून

आज जे कळलं त्यासाठी ही सगळी वही लिहिली तरी चालेल.

केबल तापवायच्या विजेच्या भट्टीसाठी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणायला सातपूरला गेले होते. शेजारच्या गाळ्यात गीझरचे आणि इंडस्ट्रियल हीटर बनवतात. सहज विचारलं, तुमच्या कांडीत आत काय भरता? काकांनी डब्यात हात घालून पांढरी पावडर दाखवली. मॅग्नेशियम ऑक्साइड! माझ्याच केबलची मोठी बहीण. मी पिशवीतून माझा तुकडा काढला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ धरला आणि टोकावर नख फिरवलं.

"ताई, हे उघडं ठेवलंत का?"

"दोन आठवडे."

"मग संपलं. आमची कांडी पावसाळ्यात सील न करता पडली ना, की गिऱ्हाईक घरी लावतं आणि ईएलसीबी, गळतीचा स्विच, पाडतं. मग शिव्या आम्हाला."

मी ओव्हनचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, ओव्हनमध्ये सगळी कांडी एकदम गरम होते, पाणी आतही पळतं आणि बाहेरही. पाण्याला एकच दार दाखवायचं. त्यांनी गॅसचा बर्नर पेटवला, तुकडा पकडीत धरला आणि टोकापासून वीतभर आत ज्योत लावली. नळी मंद लाल झाली. मग ज्योत टोकाकडे सरकवत आणली, अगदी मुंगीच्या चालीने. टोकाशी आल्यावर पांढऱ्या पावडरीच्या तोंडावर क्षणभर ओलसर चमक आली आणि उडून गेली. ती चमक मी डोळ्यांनी पाहिली. "हे बघा तुमचं पाणी," काका म्हणाले. असं तीनदा. तिसऱ्यांदा चमक आली नाही. हात लावण्याइतकं गार व्हायच्या आत टोकावर सील.

घरी येऊन हिशेब जुळवला. मॅग्नेशियम ऑक्साइड पाणी नुसतं धरून ठेवत नाही, त्याच्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड होतं, आणि ते मोडायला साधारण साडेतीनशे अंश लागतात. ११० अंशांत वरवरचं पाणी जातं, मुरलेलं बसून राहतं. पुस्तकात हे होतं आणि मी वाचलेलंही होतं. काकांचे पैसे विचारले तर चहा पाजून परत पाठवलं.

सप्लायरला फोन करून माफी मागितली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

३ जुलै

दहातले सहा तुकडे काकांच्या पद्धतीने केले. दोन ज्योतीखाली वाकले, एकाची नळी जास्त तापून काळी पडली, एक नुसता हरवला. सील म्हणून दोन भागांचं इपॉक्सी, आधी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हातात मोजे घालून. सहाच्या सहा १ टेराओहमच्या वर. चार दिवसांनीही तेवढेच.

कापायचं तर एकेकच कापा, आणि बर्नर पेटलेला असतानाच कापा.

११ जुलै

इलेक्ट्रोमीटर (अगदी बारीक करंट मोजणारा मीटर) विभागाचाच आहे, जुना पण खणखणीत. त्याला लागणारे ट्रायॅक्स कनेक्टर मात्र बाहेरून मागवावे लागले. दोन नग, १४,८०० रुपये, आणि साडेसहा आठवडे. (मे महिन्यात ऑर्डर दिली होती, ते एक शहाणपणाचं काम.) साधा, एकाच जाळीचा को-अॅक्स वापरून काही उपयोग नाही. पिकोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दशलक्षावा भाग, आणि त्याचाही दशलक्षावा. कनेक्टरच्या प्लॅस्टिकवरून सरकणारा करंटच त्याहून जास्त असतो. ट्रायॅक्सची मधली जाळी तो अडवते.

आज इन्सुलेशन मोजून झाल्यावर व्होल्टेज काढलं, तार आणि नळी पाच मिनिटं एकमेकांना जोडून शॉर्ट केली, आणि नुसताच करंट बघितला. ३८ पिकोअँपिअर! सोर्स नाही, व्होल्टेज नाही, तरी करंट. वहीत तीन उद्गारचिन्हं आहेत. सरांना लिहिलं, पावडरीत काहीतरी साठलेलं दिसतंय, यावर स्वतंत्र पेपर होईल का.

१७ जुलै

साठलेलं होतं हे खरं. मीच साठवलं होतं. तासभर ५०० व्होल्ट दिल्यावर पावडर भारून बसते आणि नंतर तासन् तास ते परत सोडत राहते. दहा मिनिटांनी ३८, वीस मिनिटांनी १९, तासाने ६, रात्रभराने अर्ध्या पिकोअँपिअरच्या आसपास. वेळ दुप्पट की करंट निम्मा. मी त्या दिवशी दोन मिनिटं बघून "स्थिर आहे" असं लिहिलं होतं. व्होल्टेज उलटं देऊन मोजलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, कारण मग हाही करंट उलटा येतो. आज तेच केलं आणि उलटा आला.

सरांनी उत्तरात फक्त एक अंगठा पाठवला. कोणत्या अर्थाने, विचारलं नाही.

आता नियम: व्होल्टेज दिलेला तुकडा रात्रभर शॉर्ट. शून्य करंट मोजायचा असेल तर आधी तो, इन्सुलेशन नंतर.

२४ जुलै

दोन आठवडे रीडिंगवर दोन-तीन पिकोअँपिअरचा काटेरी गोंगाट आहे. अर्थिंग तपासलं, वायर बदलल्या, मोबाइल बाहेर ठेवले, ट्यूबलाइट बंद केली. काही फरक नाही. आज दुपारी वीज गेली. इलेक्ट्रोमीटर आणि लॅपटॉप यूपीएसवर होते. पडद्यावरची रेघ एकदम सुईच्या टोकासारखी सरळ झाली. मी खुर्चीतून उठून बसले.

पहिला विचार अर्थातच, मेन्सचा ५० हर्ट्झ. पण त्याचा फिल्टर आधीच लावलेला होता. वीज आल्यावर एकेक बटण दाबत गेले. दिवे लावले, रेघ सरळ. कॉम्प्युटर लावला, सरळ. पंखा लावला आणि काटे परत. पंख्याची मोटर नव्हे, पंख्याचा वारा! मीटरकडे जाणारी वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत होती आणि वाऱ्याने हलत होती. वायर वाकली की आतलं इन्सुलेशन जाळीवर घासतं आणि स्थिर वीज तयार होते. केसांना कंगवा घासावा तसं. वायर दर वीतभरावर टेबलाला चिकटवली. चिकटपट्टी २० रुपये. काटे गेले.

आमच्या प्रयोगशाळेचे मामा सकाळी पावणेदहाला फरशी पुसतात. त्या वेळचा रोजचा फुगवटाही मग उलगडला. ओली फरशी आणि टेबलाला लागणारा झाडूचा दांडा, दोन्ही. मामांना म्हटलं, मामा, आता साडेअकरानंतर पुसा. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं पावणेदहाला पुसतोय." शेवटी मीच नऊला मोजायला यायला लागले.

५ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलंय म्हणतात. नाशिककरांना क्युसेक सांगू नका, मारुती किती बुडाला ते सांगा. इतकं खात्रीचं मापन माझ्या टेबलावर अजून नाही. कॉलेज दोन दिवस बंद. हायग्रोमीटर (४५० रुपये) ९१ टक्क्यांवर. डब्यातलं निळं सिलिका जेल गुलाबी झालंय. तुकडे मात्र टेराओहमवर टिकून आहेत. काकांना फोन करून सांगितलं.

१८ ऑगस्ट

भट्टीवरचं काम सुरू. ही साधी विजेची नळीची भट्टी, अंबडमधून जुनी घेतली. नवं एलिमेंट आणि नवी सिरॅमिक नळी धरून ६,५०० रुपये. "मी भट्टीवर असते" म्हटलं की सासूबाई अजून दचकतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तारापूर येतं.

तापमान वाढलं की इन्सुलेशन कमी होणार हे माहीत होतं. पण माझं ३०० अंशांना एकदम कोसळलं, आणि रीडिंग खालीवर नाचत होतं. व्होल्टेजची दिशा बदलली की उत्तर चक्क वेगळं. पुन्हा पाणी असणार या समजुतीने सगळे तुकडे परत जाळले. चार दिवस वाया गेले.

२ सप्टेंबर

पाण्याचा यात काही हात नव्हता. भट्टीची सिरॅमिक नळी गरम झाल्यावर स्वतःच थोडीफार वीज वाहते. तिच्याभोवती २३० व्होल्टचं एलिमेंट, आत माझी केबल. मेन्सचा करंट सिरॅमिकमधून केबलच्या नळीत झिरपत होता. लक्षात कसं आलं: जेवायच्या सुट्टीत भट्टी बंद करून गेले होते, लॉगिंग चालूच होतं. परत आले तर भट्टी बंद झाल्याच्या क्षणापासून रेघ गुळगुळीत.

उपाय दोन. केबल एका स्टेनलेस स्टीलच्या पाइपात घालून पाइप अर्थला जोडला (पाइप ३२० रुपये, सातपूर). आणि मोजताना एलिमेंट बंद. भट्टी अवजड असल्याने दोन-तीन मिनिटं तापमान फारसं हलत नाही.

त्याच फेरीत दुसरं लचांड सापडलं. थर्मोकपल भट्टीच्या मधोमध होतं आणि तिथलं तापमान बरोबरच होतं. पण केबलचा गरम भाग तीस सेंटिमीटर, आणि त्याच्या दोन्ही कडांना चाळीस अंश कमी. कडांना सिरॅमिक वूल कोंबल्यावर फरक बारावर आला. आधीची सगळी रीडिंग वहीतून लाल पेनाने खोडली. एकोणीस पानं.

८ सप्टेंबर

पहिलं विश्वासाचं रीडिंग. १०० व्होल्ट, प्रत्येक तापमानाला पाच मिनिटं थांबून: १०० अंशांना १.५ टेराओहम, २०० ला ३०० गिगाओहम, ३०० ला २५, ४०० ला २.४ गिगाओहम. मुद्दाम ओला ठेवलेला एक तुकडाही चढवला. तो शंभरीला मेगाओहमात गेला, मग पाणी उडेल तसा वर आला आणि पुन्हा खाली. अशी वर-खाली रेघ दिसली की केबलला दोष देऊ नका, सील बघा.

२.४ गिगाओहम ऐकायला भरपूर वाटतं. पण तो तीस सेंटिमीटरचा आकडा आहे. अणुभट्टीत गरम केबल वीस मीटर असली तर त्याच हिशेबाने ३६ मेगाओहम उरतात. इलेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी स्वतःचाच ०.८ मिलिव्होल्टचा ऑफसेट (काही न देताही असलेलं व्होल्टेज) होता. मी तो कधी शून्य केलाच नव्हता. तेवढ्याने ३६ मेगाओहममधून २२ पिकोअँपिअर खोटा करंट वाहतो. डिटेक्टरचा खरा करंट चालू अणुभट्टीत नॅनोअँपिअरच्या (हजार पिकोअँपिअरच्या) घरात असतो, तेव्हा हे दोनेक टक्के झाले. भट्टीची पॉवर कमी असेल तर तेवढ्याचे वीस टक्केही होतील. ऑफसेट आता रोज सकाळी शून्य करते, देवाला दिवा लावावा तसं.

२१ सप्टेंबर

आता दुसरी तक्रार, सावकाशीची. न्यूट्रॉन गिळल्यावर होणाऱ्या व्हॅनेडियम-५२ चं अर्धायुष्य ३.७४ मिनिटं. न्यूट्रॉन अचानक वाढले तर डिटेक्टरला त्यातली नव्वद टक्के वाढ दाखवायला बारा-साडेबारा मिनिटं लागतात. सगळे विचारतात, रोडियम का नाही, त्याचं अर्धायुष्य ४२ सेकंद. खरं आहे. पण सारख्याच न्यूट्रॉनांत रोडियम महिन्याला ०.४ टक्क्याच्या आसपास जळतं, म्हणजे न्यूट्रॉन गिळून संपतं, आणि व्हॅनेडियम त्याच्या तिसाव्या हिश्शाइतकं. किंमत वेगळीच. सराफ बाजारात चांदीला रोडियम पॉलिश करणाऱ्याला विचारलं, ग्रॅमला काय पडतं? आकडा ऐकून निमूट व्हॅनेडियमकडे परत आले.

सावकाशी गणिताने काढायची आहे, आणि ते गणित तपासायला खोटा डिटेक्टर हवा. म्हणून रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडून त्याच वेगाने चढणारा करंट बनवायचा. हवा असलेला टाइम कॉन्स्टंट (अर्धायुष्य भागिले ०.६९३) ३२४ सेकंद. पहिला जोड: १० मेगाओहम आणि ३३ मायक्रोफॅरड, म्हणजे ३३० सेकंद. ३३ मायक्रोफॅरड स्वस्तात मिळतो तो इलेक्ट्रोलिटिकच, आणि तो गळका. १० नॅनोअँपिअर गळती आणि १० मेगाओहम, झाले ०.१ व्होल्ट गायब. एक व्होल्ट दिला की ०.९ ला अडकायचा, आणि उद्या वेगळ्याच ठिकाणी. टाकून दिला.

३० सप्टेंबर

दुसरा जोड: १०० मेगाओहम आणि ३.३ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. गळती नाही. पण टाइम कॉन्स्टंट ३३० ऐवजी ३०० येतोय. चार दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली, दोनदा सगळा पुन्हा लिहिला.

आज बारावीच्या वर्गात रेझिस्टरच्या समांतर जोडणीचं गणित फळ्यावर सोडवत होते. मधेच हात थांबला. मुलांना वाटलं, मॅडम विसरल्या. करंट बाहेर काढायला मी १ गिगाओहमचा रेझिस्टर लावला होता, तो कपॅसिटरच्या नजरेतून १०० मेगाओहमला समांतरच आहे! म्हणजे ९०.९ मेगाओहम, गुणिले ३.३, बरोबर ३००. गणित पुरं करून स्टाफरूममध्ये येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

फिल्म कपॅसिटरला ०.२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे दोन जोडून दिले. ३२४ आले. (छापलेल्या किमतीवर जाऊ नका, मीटरवर मोजून निवडा. पिशवीतले पाच टक्के इकडे-तिकडे असतात.)

९ ऑक्टोबर

गणित एका ओळीचं आहे: आताचा करंट, अधिक ३२४ गुणिले करंट बदलण्याचा वेग. हा "वेग" मात्र घात करतो. करंटवर एक टक्का गोंगाट आहे. सेकंदा-सेकंदाच्या फरकाने वेग काढला तर उत्तरावर साडेचारशे टक्के गोंगाट. पडद्यावर नुसती दिवाळी. तीस बिंदूंतून सरळ रेषा काढून तिचा उतार घेतला तर सात टक्के. साठ बिंदूंतून घेतला तर अडीच टक्के, आणि बदल्यात अर्ध्या मिनिटाची दिरंगाई. साडेबारा मिनिटांच्या तुलनेत अर्धं मिनिट परवडतं. कालमन फिल्टरने (गोंगाटातून खरा आकडा अंदाजणाऱ्या गणिताने) याहून चांगलं होईल. ते डिसेंबरनंतर.

३ नोव्हेंबर

खरा डिटेक्टर जोडायला घेतला. व्हॅनेडियमची तार आली (९,२०० रुपये, एवढीशी पुडी). ती केबलच्या मधल्या इनकोनेल तारेला जोडायची. अंबडमध्ये आर्गन वेल्डिंगवाल्यांकडे गेले. त्यांचा हात सुंदर आहे, दुधाच्या टाक्यांचे सांधे शोधून सापडत नाहीत. पण अर्ध्या मिलिमीटरच्या तारांवर त्यांचाही इलाज चालला नाही. व्हॅनेडियम १९०० अंशांच्या वर वितळतं, इनकोनेल १४०० च्याही आत. व्हॅनेडियम जागचं हलायच्या आधी इनकोनेलचा मणी होऊन मागे सरकतो. जे दोन सांधे बसले ते नखाने मोडले. गरम व्हॅनेडियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन काचेसारखं ठिसूळ होतं, आणि टॉर्चच्या तोंडचा आर्गन आजूबाजूच्या गरम तारेपर्यंत पुरत नाही. तीन तास, सात सांधे, शून्य.

११ नोव्हेंबर

सातपूरला थर्मोकपल बनवणाऱ्यांकडे कपॅसिटर डिस्चार्जचं छोटं स्पॉट वेल्डिंग मशिन असतं. ठिणगी काही मिलिसेकंदांची, त्यामुळे तार तापायला वेळच मिळत नाही. त्यावर अॅक्रिलिकचं खोकं उपडं घालून आत आर्गन सोडला, पाच मिनिटं वाहू दिला, मग ठिणगी. पहिले तीन फुकट गेले कारण खोक्याला खालून फट होती आणि सांधा निळसर आला. फट पिठाने बुजवली. त्यांच्या घरून डब्यात आलेल्या पोळीच्या पिठाचा गोळा, खरंच. नंतरच्या आठपैकी सहा सांधे चकचकीत. पाव किलो वजन टांगून तपासले, पाच टिकले. सांधा चकचकीत असेल तरच घ्या, निळा किंवा करडा दिसला तर वजन टांगायच्या फंदात पडू नका.

२४ नोव्हेंबर

सगळे तुकडे आपोआप सुधारलेत! जुलैत १.१ टेराओहमवाला आज ३ च्या वर. क्षणभर खूश झाले. मग हायग्रोमीटर बघितला: ३४ टक्के. निफाडला थंडी पडली की इथे कुठलंही इन्सुलेशन शहाणं होतं. ही सुधारणा माझी नाही. वहीत प्रत्येक रीडिंगशेजारी आर्द्रता लिहिते म्हणून वाचले, नाहीतर प्रबंधात "कालांतराने सुधारणा" असं एक प्रकरण झालं असतं. तुलनेसाठी दोन तुकडे ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवले आहेत.

७ डिसेंबर

पहिला पूर्ण नग तयार. दहा सेंटिमीटर व्हॅनेडियम, पावडर, इनकोनेलची नळी, पुढचं टोक वेल्ड करून बंद, मागे दीड मीटर केबल आणि ट्रायॅक्स. ३०० अंशांना दोन तास ठेवला, एलिमेंट बंद, ऑफसेट शून्य, पंखा बंद, मामांची फरशी वाळलेली. करंट ०.४ पिकोअँपिअर. सोर्स नसताना मला हवा होता तो शून्यच, पण ०.४ वर आज समाधान आहे. अणुभट्टीत नग ठेवायला मिळावा म्हणून अर्ज गेलाय, तारीख आलेली नाही.

संध्याकाळी सातपूरच्या काकांना नग दाखवायला नेला. उलटसुलट करून बघितला, टोकावर नख फिरवलं.

"किती वॅटचा?"

"वॅट नाही काका. हा वीज घेत नाही, स्वतः देतो."

"किती देतो?"

सांगितलं. ते बराच वेळ नगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सील चांगलं आहे."

रात्रभर शॉर्ट करून सिलिका जेलच्या डब्यात ठेवला आहे. सोमवारी ४०० अंश.